चाचणीत बंद पडलेली गाडी

मुलुंडला फिजिओथेरपीसाठी जायचो, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई असायच्या. नाव कधी विचारलं नाही. त्यांना नुकताच डावा कृत्रिम पाय बसवला होता. ओढणीने मोबाइल पुसत त्या मोटर रेसिंग बघायच्या. मोसमाआधी सगळ्या टीम नव्या गाड्यांची चाचणी घेतात, तीसुद्धा बघायच्या. आम्हा दोघांची आवडती टीम एकच निघाली.

एके दिवशी चाचणीत आमच्या टीमची गाडी पुन्हा धूर सोडत बंद पडली. मी म्हटलं, "वाट लागली. यंदा काही खरं नाही."

"बरं झालं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय मोडतं ते आत्ताच कळलं. जी एकदाही बंद पडली नाही, तिची मला काळजी वाटते."

मग त्यांची पाळी आली. चालताना त्या पडल्या, कठडा धरून उठल्या. डॉक्टर म्हणाल्या, "आज पुरे."

"नको, आज जिना करू या. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पडायचं ते इथेच पडून घेते."

पहिल्या शर्यतीत आमची गाडी शेवटपर्यंत धावली. हे सांगायला मी त्यांची खुर्ची बघितली, तर रिकामी. डॉक्टर म्हणाल्या, "त्या आता येत नाहीत. घरचा जिना एकट्या चढतात."