राणीच्या मागे बसलेली बाई

नगरच्या एका संग्रहालयात काचेच्या फ्रेममध्ये राणीचं जुनं तैलचित्र आहे. मला चित्रकला शिकवणारे सर म्हणाले, "त्याची हुबेहूब नक्कल कर. हात आपोआप बसेल." म्हणून सारा हिवाळा दर शनिवारी मी श्रीरामपूरहून एसटीनं जायचे आणि राणीसमोर स्टूल टाकून बसायचे.

राणी जमली. दागिने तर झकास जमले. छळलं ते तिच्या मागच्या अंधारानं. त्यात एक दासी होती, खांदे पाडून बसलेली, अगदी पुसट. मी स्टुलावर बसले की दिसायची, उठले की हरवायची. जुन्या चित्रकाराची करामत, दुसरं काय! मी तिच्यात जीव ओतला. बिचारीचा चेहरा किती थकलेला होता!

चित्र पूर्ण झालं तेव्हा सर बघायला आले. माझ्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कोण गं?"

"राणीची दासी."

"मला तर न्हाई दिसत तिथं कुणी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग चष्मा बदला की! पण सरांनी काचेकडे निरखून पाहिलं आणि मला पुन्हा स्टुलावर बसवलं.

"आता हात वर कर."

मी ब्रश धरलेला हात वर केला. दासीनंही केला.

सारा हिवाळा जिची मला दया येत होती, ती काचेत दिसणारी मीच होते.