शनवारतेल्याचा बैल

लहानपणी आमच्या हिर्डोशीत एक यहुदी तेली होता. त्यांच्या धर्मात शनिवारी काम चालत नाही, म्हणून गाव त्याला शनवारतेली म्हणे. एका शनिवारी संस्थानचा शिपाई शिकारीच्या मशालींसाठी तेल मागायला आला. तेल्यानं घाणा जुंपायला नकार दिला.

"तुजा देव सरकारापरीस मोठा व्हय रं?"

तेलकट हात धोतराला पुसत तेली म्हणाला, "व्हय जी. आमच्या पोथीत देवानं एका माजलेल्या बादशाला बैलावानी गवत खायला लावलं."

शिपायानं त्याला बडवलं आणि घाण्याचा बैल सोडून नेला.

रविवारी मी आईबरोबर तेलाला गेले. तेली स्वतःच खांद्यावर जू घेऊन घाणा ओढत होता.

आईनं विचारलं, "दादा, तुमचा देव ह्ये बगतोय न्हवं?"

"बगतोय, वैनी. म्हून तर काल बसून ऱ्हायलो," तो म्हणाला आणि पुन्हा फिरू लागला.