स्टिअरिंग नसलेली सीट

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस वर्षं हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली. एवढ्या वर्षांत काय काय पाहिलंत, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: रस्ता. "बाजूला बघायला मागचा माणूस वेळ देतो होय?" असं वर ऐकवायचे. आम्हाला कधी फिरायला नेलंच, तर गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची, किल्ली हातातच ठेवायची, आणि आमचं आइस्क्रीम संपायच्या आत 'चला, चला' सुरू. आई म्हणायची, "यांना समुद्र दाखवा, हे विचारतील इथून हॉस्पिटल किती लांब."

निवृत्त झाले आणि दोन वर्षांत डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कडेची नजर जवळपास गेली आहे, मधली जमेल तेवढी टिकवू. अप्पांना ते आधीच उमगलं होतं. "कडेचं मी कधी वापरलंच नव्हतं," एवढंच म्हणाले. आई हसली. मला काही हसू आलं नाही. त्याच आठवड्यात मी तिघांची परदेशाची तिकिटं काढली. दहा दिवस, नुसते डोंगर, तळी आणि घाट, गाडी मी चालवणार. नजर आहे तोवर या माणसाने डोळे भरून काहीतरी सुंदर बघावं, हा माझा हट्ट होता.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या सकाळी अप्पा सवयीने उजवीकडचं दार उघडून बसले, पट्टा लावला, हात पुढे केले, तर समोर काहीच नाही! मागे आई हसून हसून बेजार. मग तीच त्यांची जागा झाली. स्टिअरिंग नव्हतं, पण उजवा पाय प्रत्येक वळणावर खालच्या चटईवर ब्रेक दाबत होता. "उतारावर गिअर खाली घे." "त्या ट्रकच्या मागे चिकटू नकोस." मी म्हणावं, "अप्पा, तिकडे धबधबा बघा," तर म्हणायचे, "तू समोर बघ."

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्या प्रवासातली सर्वांत उंच खिंड होती ती. खाली तीन तळी, चारी बाजूंना बर्फ, लोक उतरून फोटो काढत होते आणि अप्पा पट्टा न सोडता म्हणाले, "आधी गाडी वळवून लाव. निघताना अडकशील."

"कुणी मरत नाहीये अप्पा मागे!" मी ओरडलेच. "मागे आई बसलीय! बिस्किटं खातेय!"

आईने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. अप्पा म्हणाले, "माहितीय गं मला. पण गाडी थांबली की छातीत धडधडतं. वाटतं, आपल्यामुळे कुणाला तरी उशीर होतोय."

मला रडूच फुटलं. लहानपणापासून मी ज्याला तिरसटपणा म्हणत आले, तो हा होता तर. कधी विचारलंही नव्हतं. डोळे पुसले आणि गाडी वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावली. तरीही ते उतरले नाहीत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला विमानतळावर गाडी परत द्यायची होती. माझ्या वहीतल्या यादीत अजून तीन ठिकाणं बाकी होती, तेव्हा मी गाडी दामटत होते. दुपारी एका साध्याशा वळणावर अप्पा म्हणाले, "थांबव जरा."

मला वाटलं, लघवीला जायचं असेल. तिथे बघण्यासारखं काय होतं? एक लाकडी कुंपण, उतारावर गवत, गुरांना पाणी पाजायची टाकी, आणि मागे एक बिननावाचा डोंगर. अप्पा कुंपण चाचपत पुढे गेले आणि गवतात मांडी घालून बसले. मग मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायला लागले. समोर जेवढं दिसेल तेवढं बघून व्हायचं, मग जरा पुढे. उजव्या टोकाला पोचले की पुन्हा डावीकडून सुरुवात.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मी इंजिन चालूच ठेवलं होतं.

"उशीर होतोय गं आई. पुढे याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे."

"तू गप बस," आई म्हणाली.

अर्धा तास झाला तेव्हा मात्र मी उतरलेच. आज मी हे सांगतेय तेव्हा अप्पांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि तो अर्धा तास मी घड्याळाकडे बघण्यात घालवला याची मला आजही लाज वाटते. मी जवळ जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे वळले नाहीत.

"ती वरची झाडं राहिलीत अजून," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तू चल म्हणालीस की मी उठणार. आयुष्यभराची सवय आहे ती, जात नाही. म्हणून म्हणतो, तू म्हणू नकोस."

मी परत जाऊन इंजिन बंद केलं आणि त्यांच्या शेजारी गवतात येऊन बसले.