सावलीतला हंसराज

आज सकाळी मोरीमागे बाबा उकिडवे बसलेले दिसले. समोर हंसराजाची कुंडी होती आणि ते करपलेली पानं कात्रीने अलगद काढत होते.

हंसराज आईचा. काळ्या केसांसारखे देठ आणि त्यांवर नखाएवढी, सदा थरथरणारी पानं. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून आईने तो या ओल्या कोपऱ्यात ठेवला होता. तांदूळ धुतलेलं पाणी ती रोज त्याच्या मुळाशी घालायची.

आईचं तेरावं झालं आणि मावशीने घर आवरायला घेतलं. "बिचारा अंधारात कोंडलाय," म्हणत तिने कुंडी अंगणात नेली. मायेनेच नेली. बघता बघता पानं कुरकुरीत झाली. आज बाबांनीच ती परत इथे आणली होती.

बाबांनाही ती हेच सांगते, "दाजी, असं आत बसून कसं चालेल? चार माणसांत या, बरं वाटेल." मग तेही ओटीवर येऊन बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून हसतात. पापडांना दाखवावं तसं दुःखालाही ऊन दाखवावं, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे. काही गोष्टी ओलीतच जगतात.

"जगेल का, बाबा?" मी विचारलं.

"मुळं ओली आहेत अजून," ते म्हणाले. "फक्त इथून कुणी हलवू नका."

तेवढ्यात ओटीवरून मावशीची हाक आली, "दाजी, पाहुणे आलेत भेटायला!"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथूनच ओरडले, "बाबा झोपलेत गं, मावशी!"