नेदरबॅच कुठं होतं

ऑलिव्ह बेडोजला आमच्या मार्लबॅचमध्ये कुणी नुसतं ऑलिव्ह म्हणत नसे. गावात आणखी एक ऑलिव्ह होती, ती कोंबड्या पाळायची. म्हणून ही झाली 'खापरांची ऑलिव्ह'. बाहेरच्या माणसाची गल्लत झाली की तो पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून अंडी मागायचा, आणि खापरांची ऑलिव्ह त्याला चष्म्यावरून बघत म्हणायची, "इथं फक्त तिकिटं मिळतात. अंडी पुलापलीकडं."

त्या खिडकीमागं ती चौदाव्या वर्षी बसली आणि साठाव्या वर्षी उठली. बाप रेल्वेच्या रुळांवर काम करायचा, आई चार घरचे कपडे धुवायची. असल्या घरातल्या पोरीनं इतिहासाच्या भानगडीत पडायचं नसतं, अशी आमच्या श्रॉपशायरमध्ये समजूत होती. इतिहास म्हणजे गढीवाल्यांचा आणि पाद्रीसाहेबांचा उद्योग. बाकीच्यांनी फार तर त्यांच्या थडग्यांवरचं शेवाळ खरवडावं. ऑलिव्हला ही समजूत पहिल्यापासून मान्य नव्हती, पण मोडायची कशी ते तिला ठाऊक नव्हतं.

१९६३ च्या हिवाळ्यात शाळेत मोठ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. जिल्ह्याचा इतिहास शिकवायला श्रूसबरीहून एक मास्तर यायचे. एकदा त्यांनी १३२७ सालची एक यादी वाचून दाखवली. राजाच्या माणसांनी करासाठी घरोघर फिरून केलेली. तीत मार्लबॅचच्या शेजारी नेदरबॅच नावाचं गाव होतं. नऊ घरं. विधवा ईडिथ, विहिरीजवळचा अ‍ॅडम, लंगडा विल्यम, अशी नऊ नावं. पुढच्या कुठल्याच कागदात ते गाव नाही. "कुठं होतं, कुणास ठाऊक," असं म्हणून मास्तरांनी कोट चढवला आणि बस पकडायला निघून गेले. बाकीचेही घरी गेले. ऑलिव्ह मात्र त्या नऊ घरांत अडकली, ती अडकलीच.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात सिरिल हॉचकिसचं 'चॅपल लेझो' नावाचं रान नुकतं नांगरून झालं होतं. वर दोन दिवस पाऊस पडून ढेकळं धुऊन निघाली होती. कुंपणाबाहेरच्या पायवाटेनं जाताना ऑलिव्हला नांगराच्या तासात एक खापर दिसलं. नखाएवढं, करडं, एका बाजूला जळकं. तिनं मास्तरांना पाकिटातून धाडलं. उत्तर आलं की तेराव्या शतकातलं, स्वयंपाकाच्या मडक्याचं. त्याच संध्याकाळी तिनं द येल्डचं दार वाजवलं. द येल्ड म्हणजे सिरिलची शेती, चॅपल लेझोपासून दोन रानं वर असलेली.

"तुमच्या रानात मी जरा चालू का?" तिनं विचारलं.

सिरिल तेव्हा पन्नाशीला टेकलेला, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. म्हणाला, "चाला की, बाई. खापरं वेचून झाली की तेवढे दगडपण वेचा."

तिथून पुढं दर शरदात, नांगरट झाली की पेरणी होईपर्यंत, शनिवारची दुपार आणि रविवारी प्रार्थनेनंतरचा सगळा वेळ ऑलिव्ह त्या रानात असायची. दोऱ्या बांधून पट्टे पाडायचे, एकेका पट्ट्यातून मान खाली घालून चालायचं. सापडलेला तुकडा कागदी पिशवीत, पिशवीवर पट्ट्याचा नंबर. घरी न्यायचं, दातांच्या ब्रशनं घासायचं, वाळवायचं आणि बारीक निबानं काळ्या शाईत प्रत्येकावर आकडा घालायचा. बिस्किटांचे डबे भरत गेले. भेटायला येणाऱ्यांना बिस्किटाची आशा लागायची आणि डबा उघडला की खापरं निघायची.

निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या ताटांचे तुकडेही पुष्कळ सापडायचे. ते अलीकडचे, म्हणून ती कुंपणाच्या बुडाशी फेकून द्यायची. सगळेच तसं करतात. जुनं शोधणारा माणूस नव्याकडं बघत नाही.

दिवस कलला की सिरिलच्या स्वयंपाकघरात चहा. त्याची बायको मेबल शहाजिऱ्याचा केक करायची, तसा पुन्हा कुणाला जमला नाही. मेबल १९७१ मध्ये गेली. केक गेला, पण चहा चालू राहिला. सिरिल तो स्वतः करायचा आणि अगदी कसातरीच करायचा. तोवर 'बाई' आणि 'मिस्टर हॉचकिस' मागं पडून 'अगं ऑलिव्ह' आणि 'अहो सिरिल' झालं होतं. पोस्टात बसणारी, लग्न न केलेली बाई आणि विधुर शेतकरी म्हटल्यावर गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि पाच-सहा वर्षांत काहीच घडेना म्हणून कंटाळून सोडून दिलं. ते दिवस आठवले की आजही वाटतं, अशी ओल्या मातीच्या वासाची, उबदार स्वयंपाकघराची श्रीमंती गढीवाल्यांच्या नशिबी कधी आली नसेल.

१९७४ मध्ये जिल्ह्याच्या इतिहास मंडळाच्या वार्षिकात ऑलिव्हचा लेख आला. अकरा पानं, दोन हजारांवर तुकडे, तिनं हातानं काढलेला नकाशा. निष्कर्ष असा की नेदरबॅच चॅपल लेझोमध्ये होतं आणि १३५० च्या सुमारास प्लेगनं ओस पडलं. बेडोज घराण्यात छापून आलेलं हे पहिलं नाव. त्याआधी आलं असेल तर वर्तमानपत्रातल्या मृत्यूंच्या सदरात. एक प्रत तिनं सिरिलला दिली. ती त्यानं बियाण्यांच्या कॅटलॉगशेजारी ठेवली. गुरांचा डॉक्टर येवो की पेंड विकणारा, "आमच्या रानात गाव आहे" असं म्हणून तो ती त्यांच्या हातात द्यायचा.

चोवीस वर्षं कुणी शंका घेतली नाही. मग १९९८ मध्ये मंडळानं जिल्ह्यातल्या ओस गावांवर पुस्तक काढायचं ठरवलं. खात्री करून घ्यायला म्हणून जिल्ह्याच्या पुरातत्त्व कचेरीतली हेदर ही मुलगी चार माणसं घेऊन आली आणि तिनं चॅपल लेझोमध्ये तीन चर खणले. नांगराच्या थराखाली स्वच्छ लाल माती लागली. घराची जमीन नाही, चूल नाही, खांबाचा खळगा नाही. गाव नाही.

"मिस बेडोज," हेदर हातातली थापी पुसत हळू आवाजात म्हणाली, "तुकड्यांच्या कडा बघा, झिजून गोल झाल्यात. खतातून आले असावेत."

"खतातून? लोक काय शेणात मडकी कालवत होते?" ऑलिव्ह ताडकन म्हणाली.

हेदर गुणी पोरगी. तिनं वाद घातला नाही. "आपण 'निश्चित सांगता येत नाही' एवढंच लिहू. सगळे तसंच लिहितात. पुस्तकातलं नेदरबॅचचं पान तुम्हीच लिहायचं आहे, फेब्रुवारीअखेर पाठवा, झालं."

सोपी वाट होती. लेख खोटा ठरला नसता, नाव राहिलं असतं. पण 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहायला तिचं मन घेईना. ती अकरा पानं गेली तर आपल्या आयुष्याचं उरतं काय, तर पोस्टाची तिकिटं, असं तिला आठवडाभर वाटत होतं. आणि सिरिलला सांगायचं कसं? त्याच्याकडं आधीच काय राहिलं होतं! त्र्याऐंशीला आला होता. वेलिंग्टनच्या लेकीनं त्याच्यासाठी खोली तयार केली होती. येत्या पंचवीस मार्चला तो शेत सोडणार होता, आमच्याकडं शेतं सोडण्या-धरण्याची तीच तारीख. जमीन शेजारच्या मोठ्या शेतात जाणार होती. घराला वाली नव्हता.

ती गेली तेव्हा स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती.

"सिरिल, खाली काहीच नाही."

"कशाच्या खाली?"

"चॅपल लेझोच्या. नुसती माती. गाव नाहीच तिथं."

सिरिलनं किटली चुलीवर ठेवली. "मग तुझी ती डबेच्या डबे खापरं काय आभाळातून पडली?"

"ती पोरगी म्हणते, खतातून आली."

"मग? आणखी कशातून येणार?"

सिरिल सावकाश खुर्चीत बसला. "अगं, निळ्या ताटांचे तुकडे तू कुंपणात फेकायचीस ना? या खिडकीतून बघायचो मी. आमच्या आजीची ताटं ती. तिथं कशी पोचली वाटतं तुला? म्हातारी काय तासात बसून जेवत होती?"

"सिरिल—"

"फुटलं की उकिरड्यावर. उकिरडा थंडीत गाडीत भरायचा आणि रानात पसरायचा. नऊ वर्षांचा असल्यापासून तेच करत आलो. शेंबड्या पोराला कळतं हे."

"मग एवढी वर्षं तोंडात काय गुळणी धरली होती तुम्ही?"

"तू विचारलंस कधी? नांगर किती खोल जातो, विचारलंस. रान कुठल्या साली नांगराखाली आलं, विचारलंस. शेणाचं एका अक्षरानं विचारलं नाहीस. मला वाटलं, पुस्तकं वाचणाऱ्यांना काहीतरी निराळं ठाऊक असेल. मी कशाला अक्कल पाजळू?"

ऑलिव्हला शरमेनं मेल्यासारखं झालं. मास्तरांना पत्रं लिहिली, लंडनहून नकाशे मागवले, आणि जन्मभर शेण ओढलेल्या माणसाच्या हातचा चहा पिऊन त्याला तेवढं विचारलं नाही. तिची आई लोकांचे कपडे धुवायची, पण त्या घरांतलं कुणी तिला कधी काही विचारत नसे, ते आठवून तर ऑलिव्हला जास्तच लागलं. मग एकाएकी ती उभी राहिली.

"गाडी कुठं भरायचात तुम्ही?"

"कुठं म्हणजे? इथंच, गोठ्यामागं. माझा बाप इथंच भरायचा, त्याचा बापही."

गोठ्यामागं आता सिरिलची भाजीची बाग होती. सहाशे पावलांवर नऊ घरांचं गाव शोधणारी ऑलिव्ह त्या बागेत कधी गेली नव्हती. दुसऱ्याच्या वाफ्यात पाय घालायचा नाही, ही तिची रीत. सिरिलनं फावडं घेतलं आणि रुबार्बच्या गड्ड्याजवळची माती उलथली. तिसऱ्या फावड्याला मडक्याचा काठ आला. तळहाताएवढा, कडा धारदार, बाहेरून काजळी धरलेला, काठावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे. असला तुकडा ऑलिव्हला तीस वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. एवढी वर्षं ती नेदरबॅचमध्ये बसून चहा पीत होती आणि खिडकीतून दुसरीकडं बोट दाखवत होती.

हेदरनं येऊन तिथं एक खड्डा घेतला, दोन हात लांब, दोन हात रुंद. चुलीचे दगड लागले. त्यावर एका शतकाचं मडकं, त्यावर पुढच्या शतकाचं, थेट आजीच्या निळ्या ताटापर्यंत. मध्ये कुठं खंड नाही. प्लेग आला, गेला, पण गाव उठलं नव्हतं. नवाची पाच घरं झाली, पाचाची दोन, दोनाचं एक, ते म्हणजे द येल्ड. आणि गावाचं नावही सगळ्यांच्या विस्मरणात गेलं.

फेब्रुवारीत ऑलिव्हनं पान लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'माझा १९७४ चा लेख चुकीचा आहे.' ते लिहिताना फार दुखेल असं तिला वाटलं होतं. तेवढं दुखलं नाही. दुसरं वाक्य होतं, 'खरी जागा श्री. सिरिल हॉचकिस यांनी दाखवली.'

पाठवण्याआधी ती ते वाचून दाखवायला द येल्डला गेली. खुर्च्याही गेल्या होत्या. दोघं खोक्यांवर बसली. सिरिलनं आपलं नाव दोनदा वाचायला लावलं. मग कागद स्वतःच्या हातात घेऊन लांब धरला.

"हे खाली रिकामं काय सोडलंयस? 'ओस पडल्याचा काळ', आणि पुढं काहीच नाही."

"पुस्तकात प्रत्येक गावाला ती ओळ आहे. मी काय लिहिणार? ते ओस पडलेलंच नाही. तुम्ही आहात ना."

सिरिलला आधी हसू आलं. "म्हणजे ती विधवा, तो लंगडा, आणि शेवटी मी?"

"शेवटी तुम्ही."

त्यानं गोठ्याकडं बघितलं, खोक्यांकडं बघितलं. मग कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"मग घाल की तारीख. पंचवीस मार्च. मला न्यायला गाडी दोन वाजता येणार आहे."

ऑलिव्हनं पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. नेदरबॅच कुठं होतं आणि कधी ओस पडलं, हे हुडकण्यात तिची हयात गेली होती. आता उत्तर दिवसा-तासासकट समोर होतं आणि तिला ते नको होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"लिही गं," सिरिल म्हणाला, "नाहीतर मागून येणारे पुन्हा चुकतील."

तिनं लिहिलं.