कर्नलकाकांचं ताट शेवटी

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयच्या वॉकिंग ग्रुपचे किस्से म्हणजे गॅरेजमधलं सामान. एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात! आणि त्या चारांतले तीन हमखास कर्नलकाकांचे. काकांनी अख्खी नोकरी गोरखा पलटणीत काढली. आता इथे लेकीकडे, मधुराकडे असतात.

*

एकदा मी काकांना इंडियन ग्रोसरीत घेऊन गेलो. तिथे तांदळाची वीस पौंडांची पिशवी उचललेले एक आजोबा काकांना बघून एकदम अटेन्शनमध्ये! काकांचेच जुने सुभेदार, थापा. पलटणीच्या रीतीप्रमाणे काकाही त्यांना 'साहेब'च म्हणतात. मुलाकडे राहायला आलेले. दोघंही नुसते बघत राहिले. शेवटी थापाच म्हणाले, "साब, विश्राम बोलिए, चावल भारी है!"

*

दुसऱ्या दिवसापासून थापाही वॉकला यायला लागले. गोरखा पलटणीची चालच झपझप. मी चाळिशीतला आयटीवाला, मागून धापा टाकतोय.

"काका, जरा स्लो चला ना!"

"अरे, हा पेन्शनर स्पीड आहे!"

*

शेजारच्या स्टीव्हने कुठेतरी ऐकलेलं, की खुकरी, म्हणजे गोरख्यांचा वाकडा सुरा, एकदा बाहेर काढली की रक्त सांडल्याशिवाय म्यानात परत जात नाही. बार्बेक्यूला त्याने घाबरत घाबरत विचारलं. थापांच्या हातात तेव्हा खुकरीच होती.

"फिर प्याज कौन काटेगा?" थापा म्हणाले.

*

समर पिकनिकला काका जेवेचनात. पलटणीचा शिरस्ता असा, की आधी जवान, मग ऑफिसर. इथले जवान म्हणजे आम्ही सगळे, पोरंटोरं आणि केटररसुद्धा! मधुरा वैतागली, "बाबा, पुऱ्या गार झाल्या!" काका ढिम्म. मग थापा सगळ्या टेबलांवरून फिरून आले आणि गोरखालीत म्हणाले, "सबैले खाइसके, साब!" सगळ्यांचं खाऊन झालं. तेव्हा कुठे काकांनी ताट घेतलं.

*

मागच्या महिन्यात काका पडले. हिपचं ऑपरेशन झालं, पण नंतर तीन दिवस अन्नच घेईनात. "भूक नाही," एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून नाकातून नळी. मधुरा मऊ भाताचा डबा घेऊन कॉटशेजारी रडत बसलेली. खरं सांगतो, मलाही भीती वाटली. मी ड्राइव्ह करून थापांना घेऊन आलो.

पलटणीची तिरकी हॅट, पट्टा खालच्या ओठाखाली. थापा सरळ आत शिरले. कॉटसमोर उभं राहून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"सबैले खाइसके, साब!"

काकांनी डोळे उघडले. थापांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मधुराकडे.

"ही राहिलीय, साहेब," काका थापांना म्हणाले.

मधुराने रडत रडतच दोन घास तोंडात कोंबले. काकांनी चमच्यासाठी हात पुढे केला.