कर्दळीचं फूल

आमच्या गावाचं सांडपाणी आता ओढ्याला मिळण्याआधी खडी-वाळूत लावलेल्या कर्दळीच्या वाफ्यातून जातं. आमच्या घरात पहिली पदवी माझी आणि त्या शिक्षणातून गावात उभं राहिलेलं हे पहिलं काम. पाणी पिण्याजोगं नसलं तरी नितळ होतं. लोक मात्र वाफ्याला अजून गटारच म्हणतात.

आज सकाळी आईनं तिथलं एक लालभडक फूल खुडलं.

"अगं बाई! गटारीचं फूल देवाला, वहिनी?" शेजारच्या शांताकाकू कुंपणावरून म्हणाल्या.

"तुमच्या झेंडूला शेणखत लागतं, तो बरा चालतो देवाला!"

"मग निदान धुऊन तरी घ्या."

आई नळाकडे वळली. नळाच्या पाण्यानं फूल धुतलं, तर वाफ्याचं पाणी घाणच ठरणार होतं. घाण म्हणजे तरी काय, मुळांपाशी थांबायला जागा न मिळालेलं पाणी. पण हे गावानं मानायला हवं ना!

नळापाशी आई थबकली. मग माघारी येऊन वाफ्याच्या शेवटी वाकली आणि तिथून निघणाऱ्या पाण्यातच तिनं फूल धुतलं. परडीत ते ठेवताना माझी पदवीही तिनं शेजारी ठेवल्यासारखं मला वाटलं.